न्यू जर्सीत मसाले-लोणच्यांचा ब्रँड: ट्रेडमार्क राज्याचा घ्यावा की फेडरल, आणि माल कुठल्या वर्गात टाकावा?

मेतकूट

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघी न्यू जर्सीत भाड्याच्या परवानाधारक किचनमध्ये गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, जवसाची कोरडी चटणी, कैरीचं लोणचं आणि दिवाळीच्या सुमारास पातळ पोह्यांचा चिवडा करून विकतो. पुढच्या उन्हाळ्यात कोकम सरबताची बाटली आणायची आहे. शनिवारच्या शेतकरी बाजारात आणि एडिसनकडच्या तीन दुकानांत माल जातो, म्हणजे सध्या सगळी विक्री राज्यातच आहे. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) चार महिन्यांपूर्वी झाली, त्याआधी वर्षभर एकीच्याच नावावर धंदा होता. ब्रँडचं नाव मराठी शब्द आहे आणि लेबलवर तो देवनागरीत मोठा, रोमनमध्ये लहान छापला आहे. नाव इथे लिहीत नाही, समजून घ्या.

अडलंय ते असं. एलएलसीचं नाव राज्यात नोंदलं आहे, मग ट्रेडमार्क वेगळा घ्यावा लागतो का? राज्याची नोंदणी ५० डॉलरमध्ये होते आणि फेडरलला एका वर्गाला, म्हणजे मालाच्या ठरवून दिलेल्या एका गटाला, ३५० डॉलर पडतात. एवढ्या फरकात नेमकं जास्तीचं काय मिळतं? आणि वर्गांचा गोंधळ सुटत नाही. एका राज्याच्या जुन्या अर्जात सगळे खाद्यपदार्थ "वर्ग ४६" मध्ये दिसले, दुसरीकडे तेच २९ आणि ३० मध्ये. चुकीचा वर्ग लिहिला तर हक्क जातो का?

---

अटकेपार

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, वेगळा घ्यावा लागतो. एलएलसी नोंदवताना राज्य फक्त एवढंच बघतं की त्याच नावाची दुसरी कंपनी त्यांच्या वहीत आहे का. बाजारात त्या नावाने मसाला विकायचा हक्क त्यातून मिळत नाही आणि दुसऱ्याला थांबवायचा तर अजिबातच नाही. "अल्टरनेट नेम", म्हणजे कंपनीने धंद्यासाठी घेतलेलं दुसरं नाव, इतर राज्यांत ज्याला डीबीए म्हणतात, त्याचंही तेच.

अमेरिकेत ट्रेडमार्कचा मूळ हक्क वापरातून येतो, नोंदणी त्या हक्काला बळ देते. किती बळ, यात राज्य आणि फेडरल यांचा फरक आहे. राज्याची नोंदणी न्यू जर्सीत ट्रेझरीच्या महसूल आणि उद्योग सेवा विभागाकडे होते, पाच वर्षं टिकते. त्यातून काय मिळतं? राज्याच्या नोंदवहीत तुमचं नाव लागतं, त्यामुळे पुढे त्याच राज्यात तसंच नाव नोंदवायला आलेल्याला अडथळा होतो. प्रमाणपत्र राज्याच्या कोर्टात पुरावा म्हणून चालतं. मुद्दाम नक्कल करणाऱ्यावर राज्याच्या कायद्याखाली दावा लावता येतो. पण "वर्तुळातला आर" लावता येत नाही. ते चिन्ह फक्त फेडरल नोंदणीसाठी आहे, तुम्ही लेबलवर "टीएम" लावू शकता. मोठ्या ऑनलाइन बाजारांची ब्रँड नोंद राज्याच्या प्रमाणपत्रावर होत नाही, कस्टम्सकडे नकली माल अडवण्यासाठी ते नोंदवता येत नाही, आणि माद्रिद प्रोटोकॉलखाली (एका अर्जातून अनेक देशांत नोंदणी मागायची आंतरराष्ट्रीय सोय) भारतात अर्ज करायचा झाला तर त्याला पायाही ते चालत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा फरक भूगोलाचा. १९६८ चा "बर्गर किंग ऑफ फ्लोरिडा विरुद्ध हूट्स" हा निकाल बघा. इलिनॉयच्या मटून गावात हूट्स कुटुंब १९५७ पासून त्या नावाने खाणं विकत होतं. १९५९ मध्ये त्यांनी इलिनॉय राज्यात नाव नोंदवलंही. फ्लोरिडाच्या कंपनीची फेडरल नोंदणी आली १९६१ मध्ये. कोर्टाने हूट्सना मटूनची बाजारपेठ ठेवली, सुमारे २० मैलांच्या परिघात. उरलेलं इलिनॉय राज्य, तिथली नोंदणी हातात असूनही, त्यांच्याकडे राहिलं नाही. राज्याच्या कागदावर अख्खं राज्य लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्ष हक्क जिथे माल पोचला तिथपर्यंतच धरला गेला.

फेडरल नोंदणीत अर्जाच्या तारखेपासून देशभराचा अग्रहक्क मिळतो, आणि नोंदणी झाल्यावर "मला माहीत नव्हतं" ही सबब पुढे कुणाला सांगता येत नाही. तुमचा माल उद्या टेक्सासमधल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जाणार असेल तर हे ३५० डॉलर आत्ताच खर्च करण्यासारखे आहेत.

आता "विक्री राज्यातच आहे" याबद्दल. फेडरल नोंदणीला आंतरराज्य व्यापारातला वापर लागतो, पण त्याची पातळी लोकांना वाटते तितकी उंच नाही. २०१६ मध्ये फेडरल सर्किट कोर्टाने एका चर्चच्या बाजूने निकाल दिला, त्यात शेजारच्या राज्यातल्या एका ग्राहकाला दोन टोप्या विकल्या एवढा व्यवहार पुरेसा धरला. मात्र तो खरा व्यवहार असावा. न्यूयॉर्कच्या मावसबहिणीला नावापुरता पाठवलेला एक पुडा हा वापर होत नाही. ऑर्डर, पैसे, पावती, पार्सलची नोंद, सगळं नेहमीच्या धंद्यासारखं हवं. अजून तिथवर पोचला नसाल तर "वापरण्याचा हेतू" या आधारावर आत्ता अर्ज करता येतो. राज्यांत ही सोय जवळपास नाहीच, तिथे आधी राज्यात विक्री, मग अर्ज.

---

जिन्नस

वर्गांचं मी घेतो, कारण यात लोक नाहक घाबरतात आणि जिथे खरंच सांभाळायला हवं तिथे बेफिकीर राहतात.

वर्ग ४६ हा अमेरिकेच्या स्वतःच्या जुन्या यादीतला आहे. तिच्यात मालाचे ५२ वर्ग आणि सेवांचे १०० ते १०७ असे आठ वर्ग होते. ४६ म्हणजे "खाद्यपदार्थ आणि त्यांचे घटक", म्हणून लोणचं, मसाला, पीठ, चिवडा सगळं एकाच वर्गात बसायचं. १ सप्टेंबर १९७३ पासून फेडरल ऑफिसने, म्हणजे अमेरिकेच्या पेटंट आणि ट्रेडमार्क कार्यालयाने, नीस कराराची आंतरराष्ट्रीय यादी मुख्य केली. नीसमध्ये आज ४५ वर्ग आहेत, ३४ मालाचे आणि ११ सेवांचे. जुनी यादी पूर्ण गेली नाही. फेडरल नोंदीत आजही "आयसी ०३०, यूएस ०४६" अशी जोडी दिसते, पहिला आकडा नीसचा आणि दुसरा जुन्या यादीचा. राज्यांनी आपापले कायदे वेगवेगळ्या काळात केले, त्यामुळे कुणाच्या अर्जात जुनी यादी राहिली, कुणी नीस घेतली. तुम्हाला दिसलेला फरक एवढाच आहे.

आता तुमचा माल. गोडा मसाला ३०. मेतकूट पीठ धरा की मसाला, दोन्ही वाटांनी ३० मध्येच येतं. भाजणी हे पीठ, तेही ३०. जवसाची चटणी तोंडीलावणं म्हणून ३०. लोणचं मात्र २९, कारण मुरवलेली-टिकवलेली फळं आणि भाज्या तिथे आहेत. चिवड्यात पोहे मुख्य असतील तर तांदळाचा खाऊ म्हणून ३०. तोच चिवडा शेंगदाणे-काजूंचा असेल आणि पोहे नावाला असतील तर २९. बटाट्याचे वेफर्सही २९ मध्येच. उद्या हळदीच्या गोळ्या औषध म्हणून विकायला काढल्यात तर ३० मधली हळद ५ मध्ये जाते. म्हणजे पदार्थ काय आहे याबरोबर तो कशासाठी विकला जातो हेही बघितलं जातं.

चुकीच्या वर्गाने हक्क जातो का? नाही. फेडरल कायद्यात आणि राज्यांसाठीच्या नमुना कायद्यातही (राज्यांनी आपले कायदे बेतावेत म्हणून केलेला मसुदा) स्पष्ट आहे की वर्गवारी ही कार्यालयाच्या सोयीसाठी आहे, तिने अर्जदाराचा हक्क वाढत नाही की घटत नाही. राज्यात वर्ग चुकला तर बहुतेक वेळा अर्ज परत येतो. फेडरलमध्ये परीक्षक वर्ग दुरुस्त करायला लावतो आणि माल दोन वर्गांत पडत असेल तर दुसऱ्या वर्गाची फी मागतो.

जपायचं ते वर्गाच्या आकड्याला नाही, मालाच्या वर्णनाला. अर्ज दाखल झाल्यावर वर्णन आकुंचित करता येतं, रुंदावता येत नाही. "मसाले" लिहिलंत आणि लोणचं राहिलं, तर ते नंतर घुसवता येणार नाही, नवा अर्ज, नवी तारीख. उलट मोह होतो तो वर्गाचं अख्खं शीर्षक उतरवून काढायचा: चहा, कॉफी, कोको, तांदूळ, पीठ, ब्रेड, आइस्क्रीम, साखर, मध, मसाले. वापराच्या आधारावर अर्ज करताना यातल्या प्रत्येक वस्तूची विक्री चालू आहे असं तुम्ही शपथेवर सांगत असता. आइस्क्रीम विकलं नसेल तर ते विधान खोटं, आणि विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या हाती आयतं कोलीत. २०२१ च्या डिसेंबरपासून तर न वापरलेला माल नोंदीतून काढून टाकण्याची स्वतंत्र, स्वस्त प्रक्रियाही चालू झाली आहे, एका वर्गाला ४०० डॉलरमध्ये कुणीही ती मागू शकतो.

आणखी एक गैरसमज: "तो ४३ मध्ये आहे, आपण ३० मध्ये, मग काय हरकत?" हरकत असू शकते. ४३ म्हणजे रेस्टॉरंट आणि केटरिंग. त्याच नावाचं खानावळीचं दुकान गाजलेलं असेल आणि ते स्वतःचे मसालेही विकत असेल, तर ग्राहकाचा घोळ होईल का एवढंच बघतात. वर्गाची भिंत तिथे आड येत नाही. शोध घेताना किमान २९, ३०, ३१ (ताजी फळं-भाज्या, धान्य), ३२ (पेयं), ३५ (दुकानदारी) आणि ४३ चाळा.

---

बारकावे

वरच्या दोघांनी पाया घातलाच आहे. अर्ज भरताना कुठे अडतं ते लिहितो.

सर्वांत आधी मालक कोण ते ठरवा. तुमच्या बाबतीत हाच खड्डा आहे. आधी एकीच्या नावावर धंदा, आता एलएलसी. नाव एलएलसीकडे लेखी हस्तांतरित केलं आहे का? नसेल तर एका पानाचा करार करा. त्यात चिन्हाबरोबर त्याची "गुडविल", म्हणजे बाजारातली पतही दिली असं शब्दांत यायला हवं, नुसतं नाव दिलं तर हस्तांतर लंगडं पडतं. फेडरल अर्ज वापराच्या आधारावर असेल आणि दाखल झाला त्या दिवशी मालक दुसराच असेल, तर तो अर्ज मुळातच रद्द ठरतो. ही चूक नंतर दुरुस्त होत नाही, फीही परत येत नाही.

तारखा. राज्याच्या अर्जात दोन लागतात: कुठेही पहिला वापर कधी, आणि या राज्यात पहिला वापर कधी. एलएलसी झाल्याची, डोमेन घेतल्याची किंवा लोगो काढल्याची तारीख इथे चालत नाही. लेबल लावलेला माल ग्राहकाला विकला तो दिवस. आधीच्या मालकिणीची विक्री हस्तांतरामुळे तुमच्या खात्यात धरता येते, म्हणूनही तो करार हवा.

नमुना, म्हणजे स्पेसिमेन. मालासाठी पुड्यावरचं लेबल, बाटली, टॅग किंवा विक्रीच्या ठिकाणची मांडणी. व्हिजिटिंग कार्ड, बिलाचा कागद, जाहिरातीचं पत्रक मालासाठी फेटाळलं जातं. सेवांना जाहिरात आणि मेन्यू चालतात. नमुना कायद्याप्रमाणे राज्यं तीन स्पेसिमेन मागतात. फेडरलला एका वर्गाला एक पुरतो: भरलेल्या पुड्याचा फोटो, त्यावर नाव स्पष्ट. संगणकावर बनवलेलं कोऱ्या पुड्याचं चित्र पाठवू नका, परीक्षक ते ओळखतात.

देवनागरी. इथे तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत: रोमन शब्द साध्या अक्षरांत, देवनागरी शब्द चित्र म्हणून, किंवा दोन्ही मिळून लोगो. फेडरलमध्ये "साध्या अक्षरां"चा अर्ज फक्त रोमन लिपीत होतो, देवनागरी आलं की तो चित्राचा अर्ज. एकाच अर्जाचे पैसे असतील तर रोमन साध्या अक्षरांचा करा. त्यात अक्षरवळण बदललं तरी हक्क तोच राहतो. लेबलवर रोमन नाव लहान असलं तरी चालतं, पण स्वतंत्रपणे उठून दिसायला हवं. आत्ताच्या छपाईत ते घटकद्रव्यांच्या यादीत हरवत असेल तर पुढच्या खेपेला मोठं करा.

मराठी शब्दाचा इंग्रजी अर्थ सांगावा लागतो, आणि परीक्षक त्या अर्थाने शब्द तपासतो. "चवदार" नावाने मसाला नोंदवायला गेलात तर ते मालाचं वर्णन म्हणून अडतं, ग्राहकाला मराठी येत नाही ही सबब सहसा चालत नाही. नुसतं आडनाव असेल तर तेही अडतं, पाच वर्षं सलग आणि एकट्याने वापरल्यावर ओळख निर्माण झाली असं दाखवता येतं. "ओसरी"सारखा शब्द मसाल्याचं काहीच वर्णन करत नाही, तो सुटतो. शोध घेताना एकच स्पेलिंग टाकून थांबू नका. व चे दोन्ही प्रकार, आ ला एक ए आणि दोन ए, श-ष, ट-त, आणि हिंदी-गुजराती उच्चार, सगळे टाका. कानाला सारखं वाटलं तरी नोंदणी अडते. राज्याचं कार्यालय बहुधा स्वतःच्याच वहीत शोधतं, म्हणून राज्याने नोंदवलं याचा अर्थ देशात मोकळं आहे असा घेऊ नका. नमुना कायद्यात तर तुमच्या अर्जाच्या आधी फेडरल नोंदणी झालेलं मिळतंजुळतं नाव निघालं, तर राज्याची नोंद रद्द करून घेण्याचा मार्ग ठेवला आहे.

घरचा पत्ता अर्जात घालू नका. नोंद सार्वजनिक असते. फेडरल अर्जात राहण्याचा पत्ता झाकून टपालाचा वेगळा देता येतो. राज्याच्या फॉर्ममध्ये धंद्याचा पत्ता सरळ दिसतो, तिथे किचनचा किंवा भाड्याच्या टपालपेटीचा द्या. अर्ज होताच सरकारी वाटणारी पत्रं येऊ लागतील, "नोंदणी टिकवण्यासाठी इतके डॉलर भरा" अशी. पैसे फक्त त्या त्या कार्यालयाच्या अधिकृत साइटवरून भरा.

---

ढोलकरी

धाग्याला जोडून विचारतो. आमच्या ढोल-ताशा पथकाचं नाव नोंदवायचं आहे. तीन राज्यांत वाजवतो. टी-शर्टही विकतो, छातीवर पथकाचं नाव मोठ्ठं छापलेलं. राज्याची नोंदणी पुरेल?

---

बारकावे

@ढोलकरी, वादनाचे कार्यक्रम वर्ग ४१, फेडरलच घ्या, तीन राज्यांत वाजवता म्हणजे व्यापाराची अट आपोआप पुरी होते. राज्याराज्यांत करायचं झालं तर फी आणि मुदतीचा मेळ बसत नाही: कॅलिफोर्नियात एका वर्गाला ७० डॉलर आणि ५ वर्षं, न्यूयॉर्कला ५० डॉलर पण १० वर्षं, टेक्सासला ५० डॉलर आणि २०१२ पासून १० ची ५ वर्षं झाली, फ्लोरिडात ८७.५० आणि ५ वर्षं.

टी-शर्ट वर्ग २५, पण छातीवरचं मोठं नाव "सजावट" म्हणून नाकारतात. मानेच्या आतल्या पट्टीवर किंवा लटकत्या टॅगवर तेच नाव छापा आणि त्याचा फोटो द्या. पथकाची संस्था नोंदलेली आहे की चार मित्रांचं आहे, हे आधी ठरवा. पथकं फुटतात तेव्हा भांडण याच एका कागदावरून होतं.

---

अटकेपार

@जिन्नस, जुनी यादी राज्यांनी अजून का ठेवावी? कायद्यात बदल करणं इतकं अवघड आहे का?

---

जिन्नस

अवघड होतं ते यादी कायद्याच्या मजकुरातच छापल्यामुळे. मग प्रत्येक बदलाला विधिमंडळ लागतं. नीसची यादी स्थिर नसते. २००२ मध्ये वर्ग ४२ फोडून ४३, ४४, ४५ केले. तोवर रेस्टॉरंट ४२ मध्ये होतं, नंतर ४३. ज्या राज्याने २००२ पूर्वीची यादी कायद्यात शब्दशः घातली, तिथे रेस्टॉरंटवाल्याला राज्यात एक वर्ग आणि फेडरलला दुसरा.

ट्रेडमार्क क्षेत्रातल्या संघटनेने राज्यांसाठी नमुना कायदा पहिल्यांदा १९४९ मध्ये केला, १९६४ आणि १९९२ मध्ये सुधारला. १९९२ च्या मसुद्यात यावर नेमका उपाय आहे: वर्ग नियमांनी ठरवावेत आणि शक्य तितके फेडरल ऑफिसच्या वर्गांशी जुळवावेत. कॅलिफोर्नियाने त्यावर बेतलेला कायदा १ जानेवारी २००८ पासून लागू केला. मला हा मार्ग सर्वांत योग्य वाटतो. राज्याने एकच वाक्य लिहावं की फेडरल ऑफिस त्या दिवशी जी यादी वापरतं तीच आमची. सोबत मालाच्या वर्णनांचा फेडरल शब्दसंग्रहही स्वीकारावा, कारण परीक्षकाचा आणि अर्जदाराचा सगळा वेळ वर्णनावरच जातो.

जुन्या नोंदींना हात लावायची घाई मात्र नको. कुणाची "४६, खाद्यपदार्थ" अशी नोंद असेल तर नूतनीकरणाच्या वेळी मालक प्रत्यक्ष काय विकतो ते विचारून २९, ३० वगैरेत वाटावी. कारकुनाने एका रात्रीत वर्ग बदलले तर लोणचेवाल्याची नोंद ३० मध्ये जाऊन पडेल आणि २९ मध्ये शोधणाऱ्याला ती दिसणारच नाही. लहान धंदेवाल्यांचं एक रास्त गाऱ्हाणंही आहे: जुन्या ४६ मध्ये एका फीत सगळं बसायचं, नीसमध्ये त्याच मालाला दोन-तीन फिया. राज्यांनी पहिल्या नूतनीकरणाला जादा वर्गांची फी माफ करावी, नाहीतर लोक एक वर्ग सोडून देतात आणि नोंदवही खोटी होते.

राज्याची नोंदणी निरुपयोगी आहे असंही नाही. गांजाचा कायदेशीर धंदा असलेल्या राज्यांत त्या मालाला फेडरल नोंदणी मिळत नाही, कारण फेडरल कायद्याने तो माल बेकायदा. तिथे राज्याचं प्रमाणपत्र हाच एक आधार उरतो. त्यांच्यासाठी राज्याची वर्गवारी धड असणं ही चैन नाही.

---

मेतकूट

सगळ्यांचे मनापासून आभार. हस्तांतराचा करार या आठवड्यात करतो. त्यानंतर फेडरल अर्ज, एलएलसीच्या नावाने, रोमन साध्या अक्षरांत. मजकूर असा ठरवलाय:

वर्ग २९: लोणची.
वर्ग ३०: मसाले, मसाल्यांची मिश्रणं, पीठ, चटण्या, तांदळाचा खाऊ, शरबेट.

दोन वर्गांचे ७०० डॉलर. न्यूयॉर्कच्या दोन दुकानांची खरी ऑर्डर पुढच्या महिन्यात जाते आहे, ती गेली की त्याच दिवशी अर्ज. बरोबर?

---

जिन्नस

@मेतकूट, शरबेट काढा, तुमचं कोकम सरबत त्यात बसत नाही. नीसच्या यादीत हा शब्द दोनदा येतो. ३० मधलं शरबेट म्हणजे गोठवलेला, बर्फाचा पदार्थ, आणि अमेरिकन परीक्षक तोच अर्थ घेईल. पेय म्हणून शरबेट ३२ मध्ये आहे, पाण्यात घालून प्यायचा कोकमाचा पाकही पेयांसाठीचं सिरप म्हणून ३२. शिवाय सरबत तुम्ही अजून विकतच नाही, वापराच्या आधारावर ते लिहिता येणार नाही.

३२ चा वेगळा अर्ज "वापरण्याचा हेतू" या आधारावर करा: ३५० आत्ता, आणि बाटली बाजारात आल्यावर वापराच्या निवेदनाचे १५०. मंजुरीची सूचना आल्यापासून सहा महिने मिळतात, पैसे भरून एकूण तीन वर्षांपर्यंत वाढवता येतात, त्यामुळे उन्हाळा हुकला तरी अर्ज मरत नाही.

बाकी वर्णनं स्वतःच्या शब्दांत टाइप करू नका. फेडरल ऑफिसच्या शब्दसंग्रहातून निवडा. जानेवारी २०२५ पासून मोकळ्या चौकटीत लिहिलेल्या वर्णनाला एका वर्गामागे २०० डॉलर जादा लागतात, म्हणजे दोन वर्गांत "मेतकूट" आणि "कैरीचं लोणचं" असे शब्द हाताने घातलेत तर ४०० डॉलर वाढतील. आणि खरी ऑर्डर जाण्याआधी २९-३० चा अर्ज करायचा नाही हे तुम्ही बरोबर ठरवलंय. न्यूयॉर्कच्या दोन्ही दुकानांची बिलं, आणि त्यांच्या फळीवर मांडलेल्या पुड्यांचे तारखेसह फोटो, त्याच दिवशी काढून ठेवा. लोणच्याच्या बरणीचा वेगळा काढा, २९ ला तिचाच लागेल.